कोकणातल्या बौद्धवाड्या रिकाम्या का होत आहेत? : जमीन, मुंबई आणि येणारी जनगणना

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. म्हणजे एका जिल्ह्यातून ८१ हजारांहून जास्त माणसे कमी झाली. सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. राज्यात लोकसंख्या घटलेला आणखी एकच जिल्हा होता, तो मुंबई शहर. आणि त्याच दशकात, पालघर वेगळा होण्याआधीचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसे कुठून निघाली आणि कुठे पोहोचली, हे सांगायला वेगळा अभ्यासक नको. सकाळची दिवा किंवा नालासोपाऱ्याची लोकल पुरेशी आहे.

आकडे जुने आहेत, पण त्यांच्यानंतर जनगणना झालेलीच नाही. २०२१ ची गणना रखडली. आता केंद्र सरकारने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर केला आहे आणि या वेळी सर्वांची जातही विचारली जाणार आहे. म्हणूनच कोकणातल्या बौद्धवाड्यांचा प्रश्न आत्ताच समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते. गणना झाल्यावर पुढची कित्येक वर्षे त्याच आकड्यांवर निधी ठरेल, प्रभाग ठरतील आणि आरक्षित जागाही ठरतील.

या विषयावर आपल्या समाजात दोन सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, गाव सुटले ते बरेच झाले. खेडे म्हणजे जातीचा कोंडवाडा, हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. दुसरा सूर म्हणतो, आपली संख्या घटते आहे, समाज संपेल, मुले जास्त व्हायला हवीत. पहिल्या सुरात तथ्य आहे, पण तो अर्धाच बोलतो. दुसरा मात्र चुकीच्या जागी बोट ठेवतो. दोन्ही सुरांत जमिनीचा उल्लेख येत नाही, आणि कोकणात लोकसंख्येची गोष्ट जमिनीपासूनच सुरू होते.

जमीन कोणाची होती?

कोकणातले गाव एकसंध नसते, ते वाड्यांत विखुरलेले असते. आपली वाडी बहुतेक वेळा गावाच्या टोकाला, उतारावर किंवा कातळाच्या कडेला. भाताची खाचरे खाली, वहाळाजवळ, ती दुसऱ्यांची. आपल्या वाट्याला वरकस, म्हणजे नाचणी-वरी पिकवायची डोंगरउताराची जमीन. तीही कित्येकदा स्वतःच्या नावावर नाही.

याचे कारण खोती. खोत हा सरकार आणि शेतकरी यांच्यामधला माणूस. गावाचा ठरलेला सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. त्या वसुलीबरोबर कुळाच्या पिकावर, अंगमेहनतीवर आणि घरादारावर त्याचा अंमल चालायचा. आपला पूर्वज या रचनेत दोन्ही बाजूंनी अडकलेला होता. एकीकडे खोताचे कूळ, दुसरीकडे गावाचा वतनदार नोकर. महार वतनाची जमीन मिळायची ती रात्रंदिवस गावकी आणि सरकारी कामे करण्याच्या बदल्यात. पिढ्यागणिक तिचे तुकडे पडत गेले, काम मात्र पूर्ण राहिले.

बाबासाहेबांनी या दोन्हींवर कायद्यानेच घाव घालायचा प्रयत्न केला. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्यात महार, कुणबी, आगरी असे सगळे होते. तिकडे अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप १९३३ पासून चालू होता. बाबासाहेबांचे विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि महार वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने.

मात्र खोती गेली म्हणजे खोताची जमीन कसणाऱ्याला मिळाली असे सरसकट झाले नाही. पुढे कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी ज्याची कूळ म्हणून नोंद होती तो मालक होण्याच्या वाटेवर आला. तोंडी करारावर, अर्धेलीने, 'आमच्या आजापासून आम्हीच करतो' एवढ्या पुराव्यावर कसणारा बाहेर राहिला. आपल्या वाड्यांत अशी कुटुंबे भरपूर होती. वतनाच्या जमिनी मूळ वतनदारांना रक्कम भरून परत मिळाल्या, पण नवीन अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही की वाटून घेता येत नाही. आजच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' असे लिहिलेले दिसते, त्याचा उगम बहुतेक इथला आहे. हा शब्द लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागेल.

मुंबईने पोट भरले, शेत भरले नाही

कोकणातून मुंबईला जाणे ही आजची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात सैन्याची वाट होती. महारांची भरती बंद झाल्यावर गोदी, रेल्वे, गिरण्या, नगरपालिकेची सफाई ही वाट उरली. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांचे आजोबा आणि वडील सैन्यात गेले म्हणून त्या घराला गावाबाहेरचे जग दिसले. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. आई-वडील गेल्यावर त्या मामा-काकांबरोबर मुंबईला भायखळ्यात आल्या. आपल्या चळवळीची मुळे कोकणात आणि फांद्या मुंबईत आहेत, त्याचे कारण हे स्थलांतरच.

त्या काळात पुरुष जायचा आणि बाई मागे राहायची. लावणी, कापणी, म्हातारी माणसे, पोरे, सगळे तिच्या अंगावर. मनीऑर्डर आली की दुकानाची उधारी फिटायची. जनगणनेत याची ठसठशीत खूण दिसते. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत मात्र ११२२. यावरून कोणी रत्नागिरीत मुलींना जास्त मान आहे असा अर्थ काढतो. तो अर्थ निघत नाही. पुरुष गावात नाहीत, एवढाच तो आकडा सांगतो.

पण याच आकड्यातली एक हालचाल पाहण्यासारखी आहे. रत्नागिरीत २००१ मध्ये हे प्रमाण ११३६ होते, ते ११२२ झाले. सिंधुदुर्गात १०७९ चे १०३६ झाले. स्त्रियांचे प्रमाण घटते आहे आणि एकूण लोकसंख्याही घटते आहे. पुरुष परत आले असते तर लोकसंख्या वाढली असती. तेव्हा याचा सरळ अर्थ असा की आता बायकाही निघाल्या, मुलांना घेऊन पूर्ण कुटुंब निघाले. पूर्वी गावातले घर हे मुख्य घर आणि परळ-वरळीची खोली ही कामाची जागा होती. आता विरार-बदलापूरचे घर मुख्य झाले आणि गावचे घर मे महिन्यातले. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामे गेली, गिरणगाव मोडला, तरी माणसे गावी परतली नाहीत. ती उपनगरांच्या पलीकडे सरकली. परतण्यासारखे गावात काही नव्हते.

इथे बाबासाहेबांचा १९१८ चा एक निबंध फार उपयोगी पडतो. भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय, हा त्याचा विषय. त्या काळी सगळे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की तुकडे एकत्र करा, शेते मोठी करा, शेती सुधारेल. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे होते. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्या शेतावर माणसांखेरीज भांडवल, अवजारे, बैल, पाणी किती आहे यावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर बसून खाणारी माणसे जास्त आणि साधने कमी आहेत. म्हणून जास्तीची माणसे उद्योगात गेली पाहिजेत. त्यातून जमिनीवरचा भार हलका होईल आणि शिवाय उद्योगातून निर्माण झालेले भांडवल शेतीत येईल. शेतीच्या दुखण्यावर औद्योगिकीकरण हे औषध, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कोकणात या उपायाचा पहिला अर्धा भाग झाला. माणसे उठून उद्योगात गेली, तीही शंभर वर्षे सतत. दुसरा अर्धा भाग झालाच नाही. भांडवल उलट दिशेने आले नाही. मनीऑर्डरीतून लग्ने झाली, कौले बदलली, पोरांच्या फिया भरल्या, अलीकडे विहारे उभी राहिली. शेतात विहीर, पंप, कलमे यावर खर्च करायला शेत तर आपल्या नावावर हवे! दुसऱ्याच्या वरकसात कोण विहीर खणेल? म्हणून जमिनीवरचा भार हलका होऊनही जमीन सुधारली नाही, ती पडीक झाली. खाचरांत रान माजले. बाबासाहेबांचा उपाय चुकला असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी तो पुरता लागू झाला का, हे पाहावे.

तथागत बुद्धांची आर्थिक दृष्टी याच दिशेची आहे. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात राज्यात चोऱ्या-दरोडे वाढल्याची कथा आहे. तिथे राजाला सल्ला मिळतो तो शिक्षा वाढवण्याचा नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे आणि जनावरांना चारा द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन द्या, असा तो सल्ला आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न दिल्यामुळे समाजाची घसरण कशी पायरी-पायरीने होते, ते सविस्तर सांगितले आहे. आपण विहारात ही सुत्ते वाचतो ती बहुधा पुण्याच्या अंगाने. ती अर्थशास्त्राच्या अंगानेही वाचायला हवीत.

विकास आला, पण कोणत्या दाराने?

कोकणात विकास झालाच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० पासून आली आणि डोंगरच्या डोंगर आंबा-काजूच्या कलमांनी भरले. हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. लोटे परशुरामला रासायनिक कारखाने आले.

प्रश्न दाराचा आहे. फळबाग योजनेचे दार सातबारा हे होते. ज्याच्या नावावर वरकस होते त्याने सरकारी अनुदानातून कलमे लावली आणि वीस वर्षांत तो बागायतदार झाला. ज्याच्या नावावर काहीच नव्हते त्याने त्याच योजनेत खड्डे खणले, मजुरी घेतली आणि खड्डे संपल्यावर मुंबईची गाडी धरली. आज रत्नागिरीच्या बागांत राखण, फवारणी, तोडणी ही कामे मोठ्या प्रमाणावर नेपाळहून आलेले कामगार करतात. ते कष्टकरी आहेत, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हे चित्र विचार करायला लावणारे आहे. जिथून आपला तरुण काम नाही म्हणून निघतो, तिथे काम करायला माणूस हिमालयातून येतो. याचा अर्थ गावात काम नाही असे नाही. गावात जे काम आहे ते वर्षातले काही महिने आणि मजुरीचे आहे, त्यातून घर उभे राहत नाही. आणि दहावी-बारावी शिकलेल्या आपल्या मुलाला त्याच बागायतदाराच्या अंगणात उभे राहायचे नाही, हेही खरे आहे. त्यात त्याचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही.

प्रकल्पांचेही तसेच. रस्ता, धरण, कारखाना, काहीही आले की मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेली शेतमजूर आणि कुळांची कुटुंबेही प्रकल्पग्रस्त धरली आहेत. पण हा हक्क मागायला ती कुटुंबे गावात आणि कागदावर असावी लागतात.

भूमिहीनांसाठी योजना नाहीत असेही नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे, आणि २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. कोकणात अडते ते वेगळ्या ठिकाणी. इथे सरकारला विकायला निर्वेध, एका मालकाची, सरकारी दरात बसणारी सलग चार एकर जमीन सापडणे मुश्कील. विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नवीन विहिरीला किमान ०.४० हेक्टर जमीन लागते. वतनाच्या तुकड्यात आपल्या वाट्याला तेवढी येत नाही. योजना राज्यासाठी एकच आणि जमिनीची तऱ्हा मात्र विभागाविभागाला वेगळी, हे कोकणच्या बाबतीत कायमचे दुखणे आहे.

माणसे कमी झाली की काय काय कमी होते?

लोकशाहीत डोके मोजले जाते. ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. एक कल्पित गाव घेऊ. लोकसंख्या १६००, ग्रामपंचायतीचे सदस्य ९, अनुसूचित जातीची नोंदलेली लोकसंख्या १८०. हिशेब केला तर वाट्याला साधारण एक जागा येते. दहा वर्षांत गाव १५२० झाले आणि आपली वाडी ८० वर आली, तर तोच हिशेब ०.४७ येतो. जागा जाते. मग ग्रामसभेत वाडीच्या रस्त्याचा, स्मशानशेडचा, नळपाण्याचा विषय कोण काढणार?

निधीचेही तसेच. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची जी योजना आहे, जिला कार्यकर्ते अजून जुन्या सवयीने दलित वस्ती सुधार म्हणतात, तिच्यात निधीचे टप्पे वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतात. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याराज्यांत पंचायतींच्या अनुदानाची वाटणी करताना ९० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिला. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की समूह शाळेची चर्चा सुरू होते, जशी २०२३ मध्ये राज्यभर झाली. एसटीची वस्तीची गाडी बंद होते. मग राहिलेले तरुण कुटुंबही मुलांच्या शाळेसाठी निघते. माणसे गेली म्हणून सोय गेली आणि सोय गेली म्हणून आणखी माणसे गेली, असे हे रहाटगाडगे आहे.

मुले जास्त हवीत?

आता दुसऱ्या सुराकडे वळू. २०११ मध्ये देशात बौद्ध ८४,४२,९७२ होते, त्यांपैकी ६५,३१,२०० एकट्या महाराष्ट्रात. महाराष्ट्रातले आपले प्रमाण २००१ मधल्या ६ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बौद्ध स्त्रियांचा एकूण प्रजनन दर १.३९ आहे, सर्व धर्मांत सर्वांत कमी. हे वाचून काही मंडळी व्हॉट्सॲपवर 'समाज वाचवा'चे संदेश फिरवतात.

आम्हाला हा आकडा शिकलेल्या, स्वतःच्या शरीराबद्दल आणि संसाराबद्दल स्वतः ठरवणाऱ्या बाईचा वाटतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत असा ठराव आला, तो स्वतंत्र मजूर पक्षाचा होता, बाबासाहेबांच्या पक्षाचा. त्या काळच्या सभागृहाने तो फेटाळला. जी गोष्ट बाबासाहेबांना १९३८ मध्ये हवी होती ती आपल्या बायकांनी मिळवली. आता त्यांनी मुले वाढवून संख्या भरून काढावी, ही मागणी आंबेडकरी म्हणता येणार नाही. कोकणची वाडी जन्मदरामुळे रिकामी झालेली नाही. ती स्थलांतराने रिकामी झाली आणि कागदावर तर त्याहून जास्त रिकामी दिसते. तो कागदाचा भाग पुढे सांगतो.

दोन रकाने

जनगणनेत धर्माचा रकाना वेगळा आणि अनुसूचित जातीचा वेगळा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कोकणातल्या आपल्या लोकांनी धर्माच्या रकान्यात निष्ठेने बौद्ध लिहिले. जातीच्या रकान्यात मात्र अनेकांनी काहीच लिहिले नाही, किंवा तिथेही बौद्धच लिहिले. त्यामागे स्वाभिमान होता. जी जात टाकली ती पुन्हा कशाला उच्चारायची? आणि १९९० पर्यंत केंद्राच्या कायद्यातही बौद्ध झालेल्याला अनुसूचित जातीत स्थान नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने ते मिळाले, पण सवय गेली नाही. परिणाम असा की रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात बौद्ध म्हणून नोंदलेल्यांचे प्रमाण अनुसूचित जाती म्हणून नोंदलेल्यांपेक्षा जास्त आहे. राखीव जागा ठरताना बौद्धांची संख्या धरत नाहीत, अनुसूचित जातींची धरतात. अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' ही जात नाही. यादीत महार आहे, मांग आहे, चांभार आहे. त्यामुळे जातीच्या रकान्यात बौद्ध लिहिले की ते डोके अनुसूचित जातीच्या मोजणीतून निसटण्याचा धोका राहतो.

यावर कार्यकर्त्यांत प्रामाणिक मतभेद आहेत. 'जात लिहिली तर धम्मक्रांती कशाला केली?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचे मत असे आहे : धर्म बौद्धच लिहावा, प्रगणकाने न विचारता हिंदू लिहिले तर दुरुस्त करून घ्यावे, आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात यादीतले, आपल्या जात प्रमाणपत्रावरचे नाव लिहावे. पहिला रकाना आपण कोण आहोत ते सांगतो. दुसरा रकाना आपल्यावर काय लादले गेले होते त्याची सरकारदरबारची नोंद आहे, आणि त्या नोंदीवरच घटनात्मक हक्क उभे आहेत. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

दुसरी एक सूचना. मुंबईत राहणाऱ्याने आपली गणना गावी दाखवायचा खटाटोप करू नये. माणूस जिथे राहतो तिथेच मोजला जातो, आणि डोंबिवली-नालासोपाऱ्यातही आपल्या संख्येला अर्थ आहेच. पण गावात राहिलेले प्रत्येक माणूस मोजले गेले पाहिजे. एकट्या राहणाऱ्या आज्या, टोकाचे घर, बागेत राखणीला राहिलेले कुटुंब, हे निसटतात. या वेळी स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय असणार आहे. वाडीतल्या शिकलेल्या मुलीने मोबाइल घेऊन दहा घरे फिरली तर एक दिवस पुरेल.

मे महिन्यात काय करता येईल?

कोकणात आपल्या गावसंघटनांची एक पद्धत आहे : ग्रामीण शाखा आणि मुंबई शाखा. बुद्धपौर्णिमेला, मे महिन्याच्या सुट्टीत सगळे गावी जमतात. विहाराचे रंगकाम, वर्गणीचा हिशेब, जयंतीचा कार्यक्रम, क्रिकेटचे सामने होतात आणि जून लागायच्या आत सगळे परत जातात. ही एवढी माणसे, सगळे वारस, एकाच वेळी गावात असण्याचा हा वर्षातला एकमेव काळ. त्यातला एक दिवस सातबाऱ्यासाठी काढला तर?

कारण बहुतेक घरांत सातबाऱ्यावर अजून पणजोबा आहेत. पणजोबांच्या नावावर विहीर मंजूर होत नाही, कर्ज मिळत नाही, मोबदलाही अडकतो. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज लागतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदवहीत नोंद घेतात आणि नंतर फेरफार मंजूर होतो. २०२५ मध्ये महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच याच कामासाठी राबवली. ज्यांचे तेव्हा राहून गेले त्यांना नेहमीच्या मार्गाने अर्ज करता येतोच.

वारस लिहिताना एक गोष्ट आपल्याच घरात तपासावी. वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. तरी नोंदीच्या आधी बहिणींकडून हक्कसोडपत्र घेऊन टाकण्याची घाई आपल्याकडेही दिसते. ज्या बायकांनी पन्नास वर्षे ती खाचरे लावली, गडगे घातले, पुरुष मुंबईत असताना जमीन आपली राखली, त्यांचे नाव उताऱ्यावर नसावे आणि आपण मात्र हिंदू कोड बिलावर भाषणे करावीत, हे जुळत नाही.

आता तो वर्ग-२ चा शब्द. महामार्गालगत, किनाऱ्यालगत, रेल्वे स्थानकांजवळ जमिनींना भाव आला आहे. कोकणात जमीन शोधणारे दलाल थेट मुंबईतल्या वारसांकडे जातात, कारण त्यांना जमीन पाहूनही वीस वर्षे झालेली असतात. 'तुमची वतनाची वरकस आहे, कोणी करत नाही, या कागदावर सही करा, पन्नास हजार घ्या.' तो कागद बहुतेक वेळा कुलमुखत्यारपत्र असतो. वर्ग-२ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून विक्रीखत न करता मुखत्यारपत्र घेतात आणि पुढे परवानगी, नजराणा, विक्री सगळे परस्पर होते. एका वारसाची सही झाली की उरलेल्यांचा हात कमजोर होतो आणि गावात त्याच जमिनीवर घर करून राहिलेल्या काकीला बातमी शेवटी कळते.

तेव्हा असा कागद समोर आला तर त्याच दिवशी सही करू नये. महाभूलेखवर गाव आणि गट नंबर टाकून सातबारा मोबाइलवर पाहता येतो. त्यात भूधारणेचा वर्ग कोणता आहे, इतर हक्कांत काय लिहिले आहे, किती नावे आहेत, शेवटचा फेरफार कोणत्या वर्षाचा आहे, एवढे पाहून तो उतारा ग्रामीण शाखेच्या आणि मुंबई शाखेच्या दोन्ही गटांवर टाकावा. सहीचे बोलणे त्यानंतर.